भैरोसिंग मेले नव्हते

15 ऑगस्ट जवळ आला की कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर ‘बॉर्डर’ लागतोच, आणि दरवेळी सुनील शेट्टीचा भैरोसिंग हातात सुरुंग घेऊन रणगाड्यावर झेपावतो आणि मरतो. खरे भैरोसिंग राठोड सीमा सुरक्षा दलाचे जवान. लोंगेवालाच्या लढाईत त्यांनी मशीनगन चालवली, 1972 मध्ये त्यांना सेना पदक मिळालं, आणि 2022 च्या डिसेंबरात जोधपूरच्या रुग्णालयात ते गेले. पडद्यावर शहीद झाल्यावर माणूस 25 वर्षं जगला. आपल्याला सिनेमात मारून टाकलं, ही खंत त्यांनी बोलूनही दाखवली होती.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सिनेमा म्हणजे माहितीपट नव्हे. कबूल. संवाद रचलेले असणार, गाणी असणार, वाळवंटातल्या खंदकात नायकाचे केसही नीट असणार. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दिग्दर्शक जे. पी. दत्ता यांच्या हेतूबद्दलही मला शंका नाही. त्यांचा सख्खा भाऊ वायुदलात वैमानिक होता आणि विमान कोसळून गेला. अशा घरातल्या माणसाला मरण म्हणजे काय हे आपण शिकवायला नको.

पण दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे. माणसं मेलेली दाखवली नाहीत तर युद्धाची किंमत प्रेक्षकाला कळणार कशी, असं म्हणतात. इथे माझं भांडण सुरू होतं.

लोंगेवालात 4 डिसेंबर 1971 च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि 23 पंजाबचे सुमारे 120 जवान होते. समोर पाकिस्तानी रणगाड्यांची रांग आणि हजारोंचं पायदळ. आपली हंटर विमानं जैसलमेरला, पण ती रात्री हल्ला करू शकत नव्हती. म्हणजे उजाडेपर्यंत टिकायचं, एवढंच काम. त्या रात्रीत आपले जवान गेले दोन.

दोन! सिनेमावाल्यांची पंचाईत इथेच होते. दोन मृत्यूंवर तीन तासांचा सिनेमा कसा उभा राहायचा? मग जे जिवंत परतले त्यांना ओळीने मारायचं. अक्षय खन्नाने केलेला धरमवीरही सिनेमात मरतो. तो ज्यांच्यावरून बेतला ते अधिकारी लढाईतून सुखरूप परतले होते.

यात नुकसान कुणाचं, असं विचाराल, तर पहिलं नुकसान रेझांग लाचं. 18 नोव्हेंबर 1962 ला चीनशी लढताना लडाखमधल्या त्या खिंडीत मेजर शैतानसिंग आणि 13 कुमाऊंच्या तुकडीतले 114 जण पडले. जे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके परतले त्यांच्या सांगण्यावर आधी कुणाचा विश्वास बसला नाही. पुढच्या वर्षी प्रेतं सापडली तेव्हा ती गोठलेली होती; कुणाच्या हातात रायफल होती, एकाच्या हातात मॉर्टरचा गोळा तसाच. तिथे एकही मृत्यू पदरचा घालावा लागत नाही. सगळ्याच लढाया रेझांग लाच्या भावाने विकायला लागलो, तर रेझांग लाला काय भाव उरला?

दुसरं नुकसान परतलेल्यांचं. आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार होते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. 71 ची लढाई केलेले. 1997 च्या पावसाळ्यात सगळी गल्ली ‘बॉर्डर’ला गेली, आबाही आले. मध्यंतरात शेंगदाण्याची पुडी सोडत म्हणाले, “एवढी माणसं पडल्यावर पोस्ट राहती का रे पोरांनो?” आम्ही हसलो. याच आबांच्या अंगणात रात्री कुणाची सायकल आपटली की ते झोपेतून उठून जमिनीवर पालथे पडायचे. काकू न बोलता दिवा लावायच्या. ही किंमत नव्हे तर काय? पण ती मोजायला सिनेमाकडे माप नाही, कारण त्याच्या लेखी जिवंत राहिलेला माणूस म्हणजे फुकट सुटलेला माणूस.

आणि तिसरी बाजू, समोरच्यांची. ‘बॉर्डर’ संपताना शत्रूला भाऊ म्हणणारं गाणं येतं, ही दत्तांची मोठी गोष्ट. पण त्याआधी अडीच-तीन तास त्या भावाला चेहराच नसतो. सकाळी हंटर आल्यावर वाळूत सैरावैरा झालेल्या रणगाड्यांची आकाशातून घेतलेली छायाचित्रं आहेत. चाकोऱ्यांची वर्तुळं, वर्तुळात वर्तुळं. डोक्यावर स्वतःचं एकही विमान नाही आणि लपायला झुडूप नाही, अशा जागी लोखंडी डब्यात बसलेली माणसं नुसती गोल फिरत होती. बाँब फुटताना दाखवण्यापेक्षा त्या चाकोऱ्या दाखवा. कुठल्याही देशाच्या आईला त्या वाचता येतील.

लोंगेवालावर पुन्हा कुणी सिनेमा काढलाच, तर मला त्यात 5 तारखेनंतरची हजेरी हवी आहे. धूर विरलाय, तोंडात वाळू करकरतेय. सुभेदार वही उघडून नावं वाचतोय. हजर. हजर. हजर. शंभरावर माणसं, एकेकाचा आवाज ऐकू द्या, घाई करू नका. भैरोसिंग, हजर. आणि दोन नावांनंतर काहीच नाही.