सिकलसेलचे कार्ड म्हणजे उपचार नव्हे!

विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांना आणि आदिवासी पाड्यांना सिकलसेल नवा नाही. 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत निर्मूलन, असे त्याचे लक्ष्य. तपासणीला आमचा विरोध नाही. आमचा सवाल इतकाच आहे: या तपासणीतून काय कळते आणि काय कळत नाही, हे आमच्या माणसांना कोण सांगणार?

शिबिरातली सोल्युबिलिटी चाचणी फक्त रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही, एवढेच सांगते. माणूस वाहक (एएस) की रुग्ण (एसएस), हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिससारख्या चाचणीने कळते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन सुटली, हा समज घातक आहे. आणि एसएस असा अहवाल आला, तरी वेदनेचा झटका कधी येईल, किती तीव्र असेल, हे तो सांगत नाही. एकाच घरातल्या दोन एसएस भावंडांचा त्रास वेगळा असू शकतो.

हे न सांगता हातात कार्ड दिले की त्याची कुंडली होते. मग वाहक मुलीचे स्थळ मोडते. मुलाचे कार्ड मागण्याची मात्र कोणाची छाती होत नाही. वर 'हा त्यांचाच आजार' म्हणणारे आहेतच. हा जनुक मलेरियाच्या प्रदेशांत टिकला. तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, विदर्भातल्या ओबीसी जातींतही आहे. जात म्हणजे वंशभेद हा दावा बाबासाहेबांनी 1936 सालीच खोडून काढला. तोच दावा आता रक्ताच्या अहवालाआडून परत येत असेल, तर आम्ही गप्प बसणार नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. रक्त घेण्याआधी मराठी, गोंडी, कोरकूत समुपदेशन करा. अहवाल गुप्त ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सीयुरिया नियमित द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, तेव्हा रुग्णांना प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालायला लावू नका.

आणि बांधवांनो, तपासणी जरूर करा. पण कार्ड हातात पडले की प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

जय भीम!