बाळ, लायसन्स आहे का?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी निबंधात 'माझा आवडता प्राणी'च्या पुढे माझी गाडी कधी गेली नाही. या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका रूममेटने काढल्या आहेत, उरल्या असतील तर तिला धरा. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता, कारण या सगळ्या प्रकरणाची सुरुवातच एका मराठी वाक्याने झाली.

गेल्या डिसेंबरमध्ये आमच्या विंगच्या पाच जणी सिंहगडावर गेलो होतो. एकीने ऑनलाईन मागवलेले दोन स्वस्त वॉकीटॉकी सोबत होते. हॉस्टेलमध्ये ते आम्ही वापरून पाहिले होते. रूमपासून मेसपर्यंतसुद्धा आवाज धड पोचत नव्हता, त्यामुळे 'खेळणं आहे' म्हणून सोडून दिलं होतं. गडावर पिठलं-भाकरी झाल्यावर टाइमपास म्हणून मी सेट चालू केला, नंबर फिरवत फिरवत १४५ च्या आसपास आले आणि बटण दाबून म्हटलं, "हॅलो हॅलो, कोणी आहे का?"

आणि कोणीतरी होतं! एका वयस्कर माणसाचा शांत आवाज आला, "आहे. आपली कॉलसाईन सांगा." मी म्हटलं, "कॉलसाईन म्हणजे?" दोन सेकंद शांतता. मग तोच आवाज, "बाळ, लायसन्स आहे का?"

मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. हडपसरहून बोलतोय म्हणाले, आणि पुढे म्हणाले, "मग बटण सोड. लायसन्स काढ आणि परत ये. मी इथेच असतो."

आम्ही सेट बंद करून बॅगेत टाकला. उतरताना दोन प्रश्न मात्र डोक्यातून जाईनात. पहिला इंजिनिअरिंगचा. जो सेट मेसपर्यंत पोचत नव्हता, तो हडपसरला कसा पोचला? दुसरा त्याहून साधा. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूचं बटण दाबायला लायसन्स कशाला?

पहिल्याचं उत्तर आपल्याच सिलॅबसमध्ये आहे, फक्त ते आपण परीक्षेपुरतं वाचतो. या फ्रिक्वेन्सीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. अँटेनाच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढायचं आणि त्याला ४.१२ ने गुणायचं, की रेडिओच्या क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. हातातला सेट जमिनीपासून दीड मीटरवर, म्हणजे पाच किलोमीटर, आणि तेही सपाट मैदानात. मध्ये आपल्या हॉस्टेलच्या भिंती आल्या की संपलंच. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर आणि पुणे ५६० च्या आसपास, म्हणजे साडेसातशे मीटरचा फरक. गणित करून बघा, उत्तर ११० किलोमीटरच्या वर जातं. सेट तोच, पॉवर तीच. बदलली ती फक्त उंची. दूरदर्शनचा मनोरा त्या गडावर का आहे, हेही मला त्याच दिवशी कळलं.

रिपीटर म्हणजे दुसरं काही नाही. उंचावर बसवलेलं एक यंत्र. एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने पुन्हा बोलतं. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या हौशी बँडमध्ये या दोन फ्रिक्वेन्सींत सहसा ६०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. डोंगरावर असा एक रिपीटर असला, की कोथरूडमधला आणि वाघोलीतला, एकमेकांना कधीच ऐकू न येणारे दोन साधे सेट आरामात बोलतात. मध्ये मोबाईल कंपनी नाही, इंटरनेट नाही. फक्त एक यंत्र, एक बॅटरी आणि तिची काळजी घेणारी काही माणसं.

आता दुसरा प्रश्न, लायसन्स कशाला? यावर आमच्या विंगमध्ये भरपूर वाद झाला. "पोरांच्या खेळण्याला सरकारची परवानगी?" असं मीही आधी म्हणत होते. माझं मत बदललं ते नारायणगावजवळच्या खोडदमुळे. तिथे जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश असलेली रेडिओ दुर्बीण. जागा निवडताना तिथला रेडिओचा गोंगाट कमी आहे, हेही पाहिलं होतं. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरच्या आकाशगंगांचे अतिशय क्षीण संकेत ती ऐकते. तिचा एक बँड २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा आहे आणि आमच्या 'खेळण्या'चं दुसरं बटण बरोबर त्यातच बोलतं. म्हणजे आपण शिवनेरीच्या ट्रेकला जाऊन मजेत "हॅलो हॅलो" केलं, तर तिकडे कोणाच्या तरी पीएचडीच्या डेटावर रेघोट्या उमटू शकतात. हवा कोणाच्या बापाची नाही हे खरं, पण म्हणूनच ती सगळ्यांची आहे.

शिवाय हे स्वस्त सेट फक्त हौशी बँडवर थांबत नाहीत. आजूबाजूच्या, इतरांना दिलेल्या फ्रिक्वेन्सींवरही ते बिनदिक्कत बोलतात. म्हणूनच मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीवरून ऑनलाईन विक्रीच्या कंपन्यांना नोटिसा पाठवल्या. लायसन्सशिवाय वापरायचा सेट हवा असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा, कमी पॉवरचा आणि मान्यताप्राप्त सेट मिळतो. ट्रेकला तो पुरतो. घेताना पाहून घ्या.

आता मुलांच्या हॉस्टेलमधल्या आपल्या विद्वान मित्रांचं म्हणणं. "परीक्षा-बिरीक्षा जुन्या लोकांसाठी. आम्ही मेश लावतो." मेश म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. लोरा चिप असलेला एक छोटा बोर्ड, एक अँटेना, एक बॅटरी. ब्लूटूथने तो मोबाईलला जोडायचा आणि मेसेज टाईप करायचा. बोर्ड तो हवेत सोडतो, दुसरा बोर्ड ऐकून पुढे सोडतो, मग तिसरा. मुख्य स्टेशन असं कोणी नाही, प्रत्येक जण दुसऱ्याचा रिपीटर. मेशटॅस्टिक नावाचं मोफत सॉफ्टवेअर २०२० पासून हे काम करतं. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी पॉवरच्या उपकरणांसाठी २००५ पासून लायसन्समुक्त आहे, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. उपकरणाला मान्यता हवी, वापरणाऱ्याला परीक्षा नको.

मेश मलाही आवडतं, माझ्या खिडकीत एक बोर्ड लावलेला आहे. पण त्याच्या मर्यादा आधी समजून घ्या. त्यावर आवाज जात नाही, फक्त मजकूर, आणि तोही एका वेळी साधारण २०० बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक काना-मात्रेला तीन! "पाणी वाढतंय. तिघे गच्चीवर." हा एवढासा निरोप ६८ बाइट खातो. म्हणजे मराठीत मेश वापरायचं तर तार लिहायची जुनी कला पुन्हा शिकावी लागेल. निरोप साधारण तीन उड्यांपर्यंत पुढे जातो. उड्या वाढवता येतात, पण मग सगळे एकाच वेळी बोलून हवेत गर्दी होते. आणि गच्चीवरच्या बोर्डची बॅटरी जूनच्या पहिल्या पावसात मेलेली असली, तर हे कोणी वर चढून पाहिलंय का, हा प्रश्न कुठलंही सॉफ्टवेअर सोडवत नाही.

इथे मला माझ्या रूममेटची गोष्ट सांगायलाच हवी. २५ जुलै २०२४. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलेलं, आणि पहाटे सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं. तिचे काका-काकू तिथेच राहतात. सकाळी सातला काकांचा फोन आला, "पार्किंग बुडालंय, वीज गेलीय, बॅटरी थोडीच आहे." मग फोन बंद. ती दुपारपर्यंत कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होती आणि दर पाच मिनिटांनी तोच नंबर लावत होती. ते दोघं सुखरूप होते, शेजाऱ्यांकडे वरच्या मजल्यावर चहा पीत बसले होते. "आम्ही ठीक आहोत" एवढे तीन शब्द हॉस्टेलपर्यंत यायला संध्याकाळ झाली. आपण पाचशे जण टेलिकॉमची पुस्तकं घेऊन बसलो होतो आणि आपल्यापैकी एकालाही ते तीन शब्द आणता आले नाहीत.

आणि हे तर शहर आहे. आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचून माळीण गाव गाडलं गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. बाहेरच्या जगाला खबर मिळाली ती एसटीच्या ड्रायव्हरमुळे. तो नेहमीच्या फेरीला आला आणि त्याला गावच दिसेना. रेडिओ असता तर ती माणसं वाचली असती, असा दावा मी करत नाही. पण बातमी बसच्या टाइमटेबलप्रमाणे यावी, हे बरं नाही, एवढं नक्की म्हणेन.

याउलट जिथे हौशी लोक तयार होते तिथे काय झालं? २६ जानेवारी २००१ ला भूजला भूकंप झाल्यावर देशभरातले हॅम लोक सेट आणि बॅटऱ्या घेऊन कच्छमध्ये पोचले. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद, कॉलसाईन व्हीयू टू आरबीआय, हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरलाच होत्या. फोन बंद पडले तेव्हा त्यांच्या चमूने अंदमान-निकोबारमधल्या लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवले. त्या तिथे संकटासाठी गेल्याच नव्हत्या. त्या हौसेसाठी गेल्या होत्या, आणि हौसेने रोज केलेला सरावच त्या दिवशी कामाला आला. मला या लेखात सांगायचंय ते एवढंच. पुराच्या दिवशी कोणी मॅन्युअल वाचत नाही. जे रोज गंमत म्हणून करतो, तेच त्या दिवशी हात आपोआप करतात.

म्हणून मला लायसन्सची परीक्षा आता अडथळा वाटत नाही. १२ वर्षं पूर्ण झालेला कोणीही ती देऊ शकतो. ओहमचा नियम, रेझोनन्स, मॉड्युलेशन, अँटेना, म्हणजे आपलं दुसऱ्या वर्षाचंच, आणि सोबत नियम. पैसे घेऊन निरोप पोचवायचे नाहीत, धंदा करायचा नाही, गुप्त भाषेत बोलायचं नाही, दर वेळी स्वतःची कॉलसाईन सांगायची. 'रिस्ट्रिक्टेड' ग्रेडला मोर्स लागत नाही, 'जनरल'ला लागतं. पास होऊन लायसन्स मिळालं की आपला सेट आपण स्वतः बांधून हवेत बोलू शकता. आणि कॉलसाईन म्हणजे हवेतलं तुमचं नाव. "हॅलो हॅलो" म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, नाव सांगणाऱ्यावर ठेवतात.

तक्रारही आहेच. अर्ज केल्यापासून लायसन्स हातात पडेपर्यंत महिनोन्महिने जातात, असं जुने हॅम सांगतात. सुरक्षेसाठी पडताळणी हवी हे मान्य, पण इतका वेळ का? १८८५ च्या तार कायद्याची आणि १९३३ च्या वायरलेस कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा केला. कायदा नवा झाला, तसा वेगही नवा व्हावा. पण उशीर होतो म्हणून चोरून बोलायचं, हे काही उत्तर नाही.

आपल्याला जमेल का? पुण्यातलंच उदाहरण घ्या. सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा जेमतेम एक किलोचा उपग्रह बांधला आणि २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही सी-३४ ने तो अवकाशात गेला. त्याचं काम काय होतं? हौशी बँडवर एका ठिकाणचा निरोप घेऊन दुसऱ्या ठिकाणी द्यायचा. म्हणजे आकाशातला पोस्टमनच! ती आपल्याच वयाची मुलं होती, तीही मेसच्या डाळीला नावं ठेवत असणार.

तेव्हा प्राध्यापक मंडळी आणि मित्रमैत्रिणींनो, माझ्या तीन मागण्या. एक, यंदा आपल्या कॉलेजमधून किमान दहा जणांनी ही परीक्षा द्यावी आणि डिपार्टमेंटने शनिवारी एक तास शिकवावं. दोन, कॉलेजच्या नावाने क्लब स्टेशनसाठी अर्ज करावा. बॉइज हॉस्टेलची पाण्याची टाकी ही कॅम्पसमधली सर्वांत उंच जागा आहे, तिथे अँटेना आणि शेजारी मेशचा एक बोर्ड. रेक्टर सरांनी गच्चीच्या किल्लीसाठी नाही म्हणू नये, ही विशेष विनंती. तीन, दरवर्षी जूनच्या पहिल्या रविवारी, पावसाच्या आधी, एक तास सगळ्यांनी मोबाईल बंद ठेवून मुलींच्या हॉस्टेलमधून मुलांच्या हॉस्टेलमध्ये आणि तिथून एखाद्या मित्राच्या सिंहगड रोडवरच्या घरी निरोप पोचवून दाखवावा. पहिल्या वर्षी फजिती होईल. होऊ दे, जूनमध्ये झालेली बरी.

माझी तयारी सुरू आहे. पुढच्या परीक्षेला मी बसतेय. तो स्वस्त सेट कपाटात आहे, बॅटरी काढून ठेवलेली. लायसन्स आलं की पुन्हा सिंहगडावर जाणार, १४५ वर येणार आणि आधी माझी कॉलसाईन सांगणार. हडपसरचे ते आजोबा तिथे असतील ना? 'इथेच असतो' म्हणालेत.

– तृतीय वर्ष, ई अँड टीसी