फॉलोअर वाढले, फोन मात्र वाजेना! तालुक्याच्या गावातले वेब डिझायनर गिऱ्हाईक शोधताना कुठे चुकतात?

सातारा : कराड, फलटण, वाई, कोरेगाव असो की वडूज-दहिवडी, तालुक्याच्या गावात वेबसाइट तयार करून देणारा छोटा स्टुडिओ ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. झेरॉक्स सेंटरच्या वरचा गाळा, दोन-तीन लॅपटॉप, लाइट गेली तर इन्व्हर्टर आणि दोन-तीन शिकलेली पोरं, एवढ्या भांडवलावर हे काम उभं राहतं. पुण्याच्या हिंजवडीत खोलीभाडं भरण्यापेक्षा गावात राहून चार पैसे मिळवू, हा त्यामागचा साधा हिशेब.

पण या धंद्यात एक विचित्र पेच दिसतो. दुकानदाराला, डॉक्टरला, शाळेला "ऑनलाइन या, गिऱ्हाईक वाढेल" असं सांगणाऱ्या या मंडळींना स्वतःचं गिऱ्हाईक मात्र ऑनलाइन मिळत नाही. काम येतं ते मित्राच्या ओळखीनं, नातेवाइकाच्या शब्दावर. ओळखी संपल्या की काम थांबतं. मग इन्स्टाग्रामवर रील सुरू होतात, फॉलोअर वाढतात, लाइक येतात आणि फोन काही वाजत नाही.

माल आपला, जागा दुसऱ्याची

पहिली अडचण जागेची आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब ही सगळी भाड्याची जागा. भाडं दिसत नाही एवढंच. मालकानं नियम बदलला की भाडेकरूला विचारत नाहीत.

याची उदाहरणं जुनी नाहीत. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकनं व्यवसायांच्या पेजपेक्षा मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट आधी दाखवायचं ठरवलं. पेजवर हजारो लाइक जमवून बसलेल्यांच्या पोस्ट त्याच लोकांपर्यंत पोचेनाशा झाल्या. 29 जून 2020 ला केंद्र सरकारनं टिकटॉकसह 59 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. ग्रामीण भागातल्या कित्येकांचा जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही जवळपास सहा तास बंद पडले. ज्यांचा सगळा धंदा तिथेच होता, त्यांच्याकडे गिऱ्हाइकाला कळवायला दुसरा रस्ताच नव्हता.

मार्च 2024 मध्ये तर गुगलनं बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणारी फुकटची छोटी वेबसाइटही बंद केली. तीच आपली वेबसाइट समजून व्हिजिटिंग कार्डावर तिचा पत्ता छापलेल्यांची पंचाईत झाली.

म्हणून वेब स्टुडिओनं सोशल मीडिया सोडायचा का? नाही. तिथं माणसं आहेत, तिथं जावंच लागेल. पण आठवडी बाजारात पाल ठोकलं तरी पक्कं दुकान आपल्या नावावर असावं लागतं. स्टुडिओची स्वतःची, स्वतःच्या डोमेनवरची वेबसाइट हे ते दुकान. दुसऱ्यांच्या वेबसाइट करण्याच्या गडबडीत स्वतःची मात्र वर्षभर "लवकरच येत आहे" अशी पाटी लावून पडलेली असेल, तर येणारं गिऱ्हाईक काय समजायचं ते समजतं.

गिऱ्हाईक किती लागतं, हे आधी मोजा

दुसरी चूक मोजमापाची. दोन-तीन माणसांचा स्टुडिओ नीट काम करायचं म्हटलं तर महिन्याला साधारण दोन वेबसाइट पूर्ण करू शकेल. म्हणजे वर्षाला 24. विचारणा करणाऱ्या चारांपैकी एकानं होकार दिला असं धरलं, तर वर्षभरात शंभरेक खऱ्या चौकशा हव्यात. आठवड्याला दोन!

हे गणित अंदाजाचं असलं तरी त्यातून दिशा कळते. या धंद्याला लाखभर प्रेक्षक लागतच नाहीत. एखादी विनोदी रील 40 हजार लोकांनी पाहिली, पण त्यात वाई-खंडाळा भागातला हॉटेलमालक, संस्थाचालक किंवा डॉक्टर एकही नसेल, तर त्या आकड्याचा गल्ल्याशी संबंध नाही. उलट महिन्याला साठच माणसं वेबसाइटवर आली आणि त्यातली पाच खरंच वेबसाइट करायच्या विचारात असली, तर स्टुडिओचा महिना सुटतो.

"आम्ही बेस्ट आहोत" कुणी शोधत नाही

मग ही पाच माणसं येतात कुठून? ती स्वतःची अडचण घेऊन येतात. "आकर्षक वेबसाइट, वाजवी दर, चोवीस तास सेवा" असलं कुणी गुगलवर लिहीत नाही. लोक प्रश्न टाकतात, आणि हल्ली बोलूनही टाकतात.

पाचगणी-महाबळेश्वर भागातल्या होमस्टेवाल्याला आगाऊ बुकिंगचे पैसे ऑनलाइन घ्यायचे असतात. पेमेंट गेटवे कंपनी त्याच्याकडे वेबसाइटवर पैसे परतीचे नियम, गोपनीयतेचं धोरण आणि संपर्काचा पत्ता मागते. त्याला हे कळत नाही आणि अर्ज अडकतो. सीबीएसई शाळांना ठरावीक माहिती आपल्या वेबसाइटवर जाहीर करणं बंधनकारक आहे. त्या यादीत काय येतं, हे मुख्याध्यापक शोधत असतात. 2020 मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आल्यावर अनेक शेतकरी त्या वाटेला लागले. त्यांना फोटो किती, नकाशा कसा लावायचा, दर लिहायचे की नाही, असे प्रश्न पडतात.

यातल्या प्रत्येक प्रश्नाला साध्या मराठीत, पूर्ण उत्तर देणारं एकेक पान स्टुडिओच्या वेबसाइटवर असेल, तर तीच खरी जाहिरात. वाचणाऱ्याला अर्धं काम स्वतःला करता आलं तरी हरकत नाही. उरलेल्या अर्ध्यासाठी तो ज्यानं समजावून सांगितलं त्यालाच फोन लावतो.

यात हंगामही सांभाळावा लागतो. महाबळेश्वरची गर्दी एप्रिल-मेमध्ये, कास पठाराची फुलं सप्टेंबरच्या सुमाराला, शाळांच्या प्रवेशाची धावपळ वर्षाच्या सुरुवातीला. वेबसाइटचा विचार मालक त्याआधी दोन-तीन महिने करतो. पान तेव्हा तयार हवं. हंगाम सुरू झाल्यावर कुणाला बोलायलाही सवड नसते.

कोणत्या शब्दांवरून लोक आपल्या वेबसाइटवर आले, हे गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये फुकट बघता येतं. महिन्यातून एकदा ते बघितलं तरी पुढचं पान कशावर लिहायचं ते समजतं.

नकाशा, रिव्ह्यू आणि व्हॉट्सअ‍ॅप

"माझ्या जवळचा वेबसाइट डिझायनर" असं शोधलं की गुगल नकाशावर आधी कोण दिसतं? गुगल स्वतःच सांगतं की तिथं तीन गोष्टी बघितल्या जातात : शोधाशी मेळ, अंतर आणि प्रसिद्धी. अंतर आपल्या हातात नाही, बाकीच्या दोन आहेत. प्रोफाइल पूर्ण भरलेलं असावं, पत्ता-वेळ बरोबर असावी आणि झालेल्या गिऱ्हाइकांचे खरे रिव्ह्यू असावेत. भाऊबंदांकडून पाच-पाच स्टार लावून घेणं किंवा सवलत देऊन रिव्ह्यू लिहून घेणं गुगलच्या नियमात बसत नाही, आणि गावात ते लपतही नाही. काम संपलं, मालक खूश आहे, त्याच दिवशी दोन ओळी लिहायची विनंती करावी. महिनाभरानं कोणी लिहीत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचंही तसंच. रोज सकाळी "शुभ सकाळ" आणि खाली स्टुडिओचा लोगो, हा उद्योग नंबर ब्लॉक होण्याचा सोपा मार्ग आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका वेळी 256 जण घेता येतात, आणि ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. ही मर्यादा वाटते, पण ती चाळणीही आहे. नंबर सेव्ह करणारे दीडशे व्यावसायिक हा या धंद्यात मोठा प्रेक्षक झाला. त्यांना महिन्यातून एकदाच, पण कामाचं काही पाठवलं तर ते वाचतात. मात्र कुठून तरी मिळवलेल्या याद्यांवर मेसेज टाकणं बंद करायला हवं. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा सगळा रोख संमतीवर आहे, हे इतरांच्या वेबसाइटवर फॉर्म लावून देणाऱ्यांना तरी माहीत हवं.

जिल्ह्याबाहेर गेलेल्यांनाही विसरून चालणार नाही. मुंबई-पुण्यात व्यवसाय करणारे, गलाईच्या निमित्तानं परराज्यांत स्थिरावलेले माण-खटावकर आपल्या भागातल्या पोरांवर विश्वास टाकतात. यात्रेला गावी आलेल्या माणसाशी झालेली पाच मिनिटांची गाठ आणि नंतर त्यानं मोबाइलवर बघितलेली नीटनेटकी वेबसाइट, या दोन्ही मिळून काम पक्कं होतं.

खरी परीक्षा विश्वासाची

या सगळ्याच्या मुळाशी एक जुनी तक्रार आहे, आणि ती सोडवल्याशिवाय कितीही प्रेक्षक जमवला तरी उपयोग नाही. वेबसाइट करून देणारा डोमेन स्वतःच्याच नावावर घेतो. पुढं त्याला नोकरी लागते, तो पुण्याला जातो, फोन बदलतो. वर्ष संपल्यावर नूतनीकरण होत नाही. मुदत टळली की ते नाव दुसरं कुणीही घेऊ शकतं. दुकानदाराच्या पाटीवर, बिलबुकावर छापलेला पत्ता मेलेला असतो. एकदा असं पोळलेला माणस दहा जणांना सांगतो, "वेबसाइटच्या नादाला लागू नका." त्याची किंमत गावातल्या पुढच्या प्रत्येक स्टुडिओला मोजावी लागते.

त्यामुळे डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर, पासवर्ड त्याच्या हातात, दरवर्षीचा खर्च किती ते आधीच लेखी. ही तीन वाक्यं ज्या स्टुडिओच्या पहिल्या पानावर ठळक असतील, त्याला वेगळ्या घोषणेची गरज पडणार नाही.

वेळही फार हातात नाही. एआयची साधनं आता काही मिनिटांत वेबसाइटचा सांगाडा उभा करतात. ऑगस्ट 2024 पासून भारतातही गुगल अनेक शोधांवर एआयनं तयार केलेलं उत्तर सगळ्यात वर दाखवू लागलंय, त्यामुळे खाली दिलेल्या दुव्यावर जाण्याची गरजच काही जणांना वाटत नाही. कुठूनही उचललेली सर्वसाधारण माहिती देणाऱ्या पानांचे दिवस संपत आलेत.

पण तापोळ्याच्या होमस्टेला जाताना रेंज कुठं जाते, बोट कुठून घ्यायची आणि मालकाला फोन कधी लागतो, हे यंत्राला आपसूक कळत नाही. ते जाऊन विचारावं लागतं. तालुक्यातल्या स्टुडिओची ताकद नेमकी इथं आहे : तो जाऊन विचारू शकतो. चाळीस किलोमीटरच्या आतल्या माणसांचे प्रश्न त्यांच्याच भाषेत सोडवणारा स्टुडिओ टिकेल. नुसते फॉलोअर मोजत बसलेल्या स्टुडिओतली पोरं मात्र पुन्हा हिंजवडीची एसटी पकडतील.