नातेवाईक आधी सिस्टरलाच विचारतात

आयसीयूच्या दाराबाहेर बसलेली माणसं मोठ्या डॉक्टरांना फारसं काही विचारत नाहीत. राउंडच्या वेळी डॉक्टर घाईत असतात, बोलण्यात इंग्रजी शब्द जास्त असतात आणि ऐकणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नसतं. डॉक्टर पुढे गेले की हीच माणसं सलाइन बदलून बाहेर आलेल्या सिस्टरला गाठतात, नाहीतर रिपोर्ट घेऊन धावणाऱ्या इंटर्नला. "सिस्टर, डॉक्टर म्हणाले ब्रेन डेड आहे. म्हणजे नक्की काय हो? हात तर गरम लागतोय. छातीपण हलतेय."

त्या घरातून अवयवदान होणार की नाही, हे बरंचसं या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. म्हणून हे आवाहन प्रामुख्याने वैद्यकीय आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना आणि वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर-ब्रदरना आहे. बाकीच्यांनीही ते वाचावं, कारण त्या दाराबाहेरच्या बाकावर उद्या आपल्यापैकी कोणीही असू शकतं.

मेडिकल आणि नर्सिंग कॉलेजांमधून अवयवदानाविषयी पाहण्या होत असतात. बहुतेकांचं सार सारखंच निघतं. अवयवदान चांगलं, ते व्हायला हवं, असं म्हणणारी मुलं-मुली पुष्कळ. मेंदूमृत्यू आणि कोमा यांतला फरक नीट सांगू शकणारी त्याहून कमी. स्वतः प्रतिज्ञापत्र भरलेली तर आणखी कमी. मला यात मुलांचा दोष फारसा दिसत नाही. फोरेन्सिक मेडिसिनच्या तासाला 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा येतो, परीक्षेपुरता पाठ होतो आणि मागे पडतो. भेदरलेल्या बायकोला किंवा भावाला तोच विषय मराठीत कसा सांगायचा, हे शिकवायला कोणी बसत नाही. चांगल्या भावनेत कमतरता नाही, कमतरता नेमक्या माहितीची आणि ती सांगायच्या सरावाची आहे.

तेव्हा आधी माहिती. कोमातल्या माणसाचा मेंदू जिवंत असतो. त्याचा मेंदूस्तंभ काम करत असतो, तो बऱ्याचदा स्वतःहून श्वास घेऊ शकतो आणि शुद्धीवर येण्याची शक्यता उरलेली असते. मेंदूमृत्यूत मेंदूस्तंभ कायमचा संपलेला असतो आणि श्वासाची आज्ञा देणारं केंद्र तिथेच असतं. छाती हलते ती व्हेंटिलेटर हवा भरतो म्हणून. हृदयाचे ठोके मात्र हृदयातच तयार होतात, त्यामुळे ऑक्सिजन मिळत राहिला की ते काही काळ चालत राहतं. रक्त फिरतं, म्हणून हात गरम लागतो. यंत्र चालू ठेवलं तरी साधारणपणे काही तासांत किंवा थोड्या दिवसांत हृदयही थांबतं. कधी बोटं हलतात, पाय आखडतो. ती मज्जारज्जूची प्रतिक्रिया असते, मेंदूची नव्हे. हे सिस्टरला आधीपासून ठाऊक नसेल तर अशा वेळी तीही दचकते आणि तिचा चेहरा पाहून नातेवाईक नको ती आशा धरतात.

हे निदान कोणी एकटा डॉक्टर करत नाही. कायद्याने चार डॉक्टर लागतात: रुग्णालयाचे प्रमुख, उपचार करणारे डॉक्टर, मान्यताप्राप्त यादीतला एक स्वतंत्र तज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचे सर्जन. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचे सर्जन उपलब्ध नसतील तर भूलतज्ज्ञ, इंटेन्सिव्हिस्ट, फिजिशियन किंवा सर्जन चालतो, पण तोही मान्यताप्राप्तच हवा. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कोणीही या चौघांत असू शकत नाही. डोळ्यांत प्रकाश टाकून बाहुली लहान होते का पाहतात. बुबुळाला कापसाची वात लावून पापणी मिटते का पाहतात. कानात थंड पाणी सोडून डोळे हलतात का, नळी ढवळल्यावर खोकला येतो का, हेही तपासतात. शेवटी व्हेंटिलेटर काढून, नळीतून नुसता ऑक्सिजन देत, पोट-छातीकडे टक लावून बघत राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. मेंदूस्तंभ जिवंत असता तर इतक्या वाढीला त्याने श्वास घ्यायला लावलंच असतं. एकही श्वास आला नाही, तर किमान सहा तासांनी हे सगळं पुन्हा करतात.

चाचण्या सुरू करण्याआधी गुंगीची औषधं, विषबाधा, अति थंड पडलेलं शरीर, क्षारांचा बिघाड ही कारणं बाजूला काढावी लागतात. आपल्या गावाकडच्या डॉक्टरांनी यात एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी. मण्यार किंवा नाग चावलेल्या रुग्णाचे सगळे स्नायू लुळे पडतात, पापणी हलत नाही, श्वास थांबतो, कधी बाहुलीसुद्धा प्रकाशाला दाद देत नाही. हुबेहूब मेंदूमृत्यू वाटावा असं चित्र दिसतं, आणि व्हेंटिलेटरच्या आधाराने तोच माणूस बरा होऊन घरी जातो. म्हणूनच हे नियम इतके कडक आहेत. ही काळजी घेतली जाते हे नातेवाईकांना जरूर सांगा. त्याने विश्वास वाढतो.

आता बोलण्याविषयी. दोन्ही चाचण्या पूर्ण होऊन मेंदूमृत्यू जाहीर झाल्यावर "अजून व्हेंटिलेटरवर आहेत", "मशिनवर जिवंत ठेवलंय", "चान्सेस फार कमी आहेत" ही वाक्यं तोंडातून जाऊ देऊ नका. ही वाक्यं कनवाळूपणातूनच येतात, हे मला कळतं. पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की माणूस जिवंत आहे आणि डॉक्टर त्याचे अवयव मागताहेत. मग तो चिडला तर त्याचं काय चुकलं? सरळ सांगा: "काका, त्यांचा मृत्यू झाला आहे. मशीन हवा भरतंय म्हणून छाती हलतेय. मशीन काढून दोनदा तपासलं, त्यांनी एकदाही श्वास घेतला नाही." सांगून झालं की गप्प बसा. रडू द्या. तोच प्रश्न चार वेळा आला तर चारही वेळा त्याच शब्दांत उत्तर द्या. आणि चाचण्या पूर्ण व्हायच्या असतील तर मृत्यूही सांगू नका, आशाही दाखवू नका. "तपासण्या चालू आहेत, डॉक्टर स्वतः सांगतील" एवढंच म्हणा.

आपल्याकडे गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. कुटुंबाने अवयवदानाला नकार दिला, तर मेंदूमृत्यू जाहीर होऊनही व्हेंटिलेटर काढायला बहुतेक डॉक्टर कचरतात, कारण कायद्यात मेंदूमृत्यूचा उल्लेख येतो तो प्रत्यारोपणाच्या संदर्भात. हृदय थांबेपर्यंत यंत्र चालू राहतं. नातेवाईकांना साहजिकच वाटतं की दान दिलं तर मेला, नाही दिलं तर जिवंत. ही त्रुटी सरकारने दूर करायला हवी आणि वैद्यकीय संघटनांनी त्यासाठी आवाज उठवायला हवा. तोपर्यंत तिचं स्पष्टीकरण देण्याचं काम वॉर्डातल्या माणसांवरच येतं.

अवयवदानाची सुरुवातही खरं तर सिस्टरच्या हातून होते. रात्री तीनच्या सुमारास डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या नळीत सक्शन घालताना काल तो खोकत होता आणि आज अंग जरासुद्धा हललं नाही, हे पहिल्यांदा तिच्या लक्षात येतं. तासाला पन्नास-साठ मिलीलीटर भरणारी युरिन बॅग अचानक भराभर भरू लागते, तेही तिलाच दिसतं, कारण मेंदूतून येणारं लघवी रोखणारं संप्रेरक बंद पडलेलं असतं. तिने हे नुसतं चार्टवर लिहून ठेवलं आणि सकाळच्या हँडओव्हरपर्यंत थांबली, तर तोवर रक्तदाब कोसळून अवयव निकामी झालेले असू शकतात. ड्यूटीवरच्या डॉक्टरला लगेच उठवलं, तर चाचण्या वेळेत होतात. संमती मिळाल्यानंतरचे तासही तिचेच असतात: रक्तदाब सांभाळणं, अंग गरम ठेवणं, गेलेलं पाणी भरून काढणं, डोळे झाकून ओलसर ठेवणं. मृत व्यक्तीची अशी शुश्रूषा करताना मन अडखळतं. शेजारच्या खाटेवर जिवंत रुग्ण वाट पाहत असतो आणि स्टाफ आधीच अपुरा असतो. हा ताण खरा आहे, आणि रुग्णालय चालवणाऱ्यांनी त्या पाळीला जादा सिस्टर द्यायलाच हवी.

मागणी कोणी करायची? तुम्ही नाही. मृत्यू सांगणं आणि दान मागणं या दोन वेगळ्या भेटी असाव्यात, आणि दुसरी प्रशिक्षित प्रत्यारोपण समन्वयकाने घ्यावी, बसायला खुर्च्या असलेल्या बंद खोलीत, कॉरिडॉरमध्ये कधीच नाही. 2011 च्या कायदादुरुस्तीपासून नोंदणीकृत रुग्णालयाला समन्वयक नेमणं बंधनकारक आहे. स्पेनने 1989 मध्ये राष्ट्रीय संघटना उभारून आयसीयूतल्याच डॉक्टरांना आणि परिचारिकांना हे काम शिकवून सोपवलं. आज तिथे दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला चाळीसहून अधिक मृत दाते होतात. आपल्या देशात हा आकडा एकाच्याही खाली आहे. 2023 मध्ये भारतभरात 1,099 मृत दाते झाले. त्याच वर्षी रस्ते अपघातांत दीड लाखांहून अधिक माणसं दगावली. त्यांतले सगळे दाते होऊ शकत नाहीत हे मान्य करूनही ही तफावत फार मोठी आहे.

"अवयव पैसेवाल्यांनाच जातात" ही शंका बाहेरच्या लोकांइतकीच रुग्णालयांच्या कँटीनमध्येही ऐकू येते. किडनीविक्रीची प्रकरणं घडली आहेत, तेव्हा शंका घेणाऱ्याला झटकून टाकणं योग्य नाही. पण मृत दात्याचे अवयव कोणाला जायचे, ते विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीवरून ठरतं. महाराष्ट्रात अशी केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. गोव्यात हे काम बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातून चालतं. खरेदी-विक्रीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. संमतीनंतर दात्याचं शरीर सांभाळण्याचा खर्च कुटुंबावर टाकता येत नाही. तुमच्या रुग्णालयात तो बिलात लावला जात असेल, तर तिथेच हरकत घ्या. अपघाताची पोलीस केस असली तरी दान होऊ शकतं. शरीर शिवून, स्वच्छ करून परत दिलं जातं आणि अंत्यविधी नेहमीसारखे करता येतात.

तमिळनाडूत 2008 च्या सप्टेंबरमध्ये एका डॉक्टर दांपत्याचा शाळकरी मुलगा दुचाकीच्या अपघातात मेंदूमृत झाला. आई-बापांनी त्याचे अवयव दिले. वैद्यकीतली माणसं स्वतःच्या पोटच्या मुलाच्या बाबतीत असं करतात, हे लोकांनी पाहिलं आणि त्या राज्यात अवयवदानाची चळवळ उभी राहिली. पांढरा कोट घालणाऱ्याच्या स्वतःच्या घरातल्या निर्णयाला एवढं वजन असतं.

नेत्रदानाला तर आयसीयू लागतही नाही. मृत्यू घरी झाला, हृदय थांबून झाला, तरी सहा तासांच्या आत बुबुळं घेता येतात. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन यांपैकी काहीही आड येत नाही. डोळे मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि नेत्रपेढीला फोन करायचा. देहदान ही वेगळी गोष्ट आहे. तो देह शरीररचनाशास्त्र विभागात शिकण्यासाठी जातो. अवयव काढलेला देह तिथे सहसा घेत नाहीत, मात्र नेत्रदान केलेला घेतात. मृत्युपत्रात देहदान लिहिलेल्या घरात मेंदूमृत्यूची वेळ आली, तर आधी अवयवदानाचा विचार करा. त्या क्षणी कोणाचा तरी जीव त्याने वाचू शकतो. पूर्ण दात्याकडून दोन मूत्रपिंडं, यकृत, हृदय, दोन फुप्फुसं, स्वादुपिंड आणि आतडं मिळू शकतं.

प्रतिज्ञापत्र भरलं की काम झालं असं समजू नका. प्रत्यक्षात त्या वेळी सही करते ती बायको, नवरा, मुलगा किंवा आई-वडील, आणि ते नाही म्हणाले की पाकिटातलं कार्ड पाकिटातच राहतं. आपली इच्छा या आठवड्यात जेवायला सगळे एकत्र बसले असताना सांगून टाका. घरात मुलगी नर्सिंगला किंवा मुलगा एमबीबीएसला असेल, तर त्यांना विचारा, "ब्रेन डेड म्हणजे काय, मला समजेल असं सांग." त्यांचा तोच सराव होईल. नोंदणीसाठी आणि माहितीसाठी राष्ट्रीय संस्था नोट्टोचा मोफत क्रमांक 1800-11-4770 आहे.

आणि सिस्टर, पुढच्या ड्यूटीला जाल तेव्हा एवढं करा: तुमच्या रुग्णालयाचा प्रत्यारोपण समन्वयक कोण ते विचारून घ्या आणि त्यांचा मोबाइल नंबर मोठ्या अक्षरात लिहून नर्सिंग स्टेशनच्या फोनजवळ चिकटवा. समन्वयक नेमलेलाच नसेल, तर मेट्रनकडे तसं लेखी द्या.