लक्ष्य, लक्ष आणि नजर

मराठी भाषेने 'लक्ष्य' आणि 'लक्ष' या दोन शब्दांत अंतर ठेवले आहे ते केवळ एका यकाराचे. ज्याचा वेध घ्यावयाचा ते लक्ष्य आणि जे द्यावयाचे ते लक्ष. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये सातारा जिल्ह्यातील अवघ्या सतरा वर्षांच्या अदिती गोपीचंद स्वामी या मुलीने कंपाउंड धनुर्विद्येत मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेरा हिला १४९ विरुद्ध १४७ असे नमवून जगज्जेतेपद मिळविले, तेव्हा हे अंतर पुसले गेले होते. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळे याने पंधरापैकी पंधरा बाण दहाच्या वर्तुळात मारून १५० गुणांनिशी पुरुषांचे विजेतेपद पटकाविले. त्याच्या पोलिश प्रतिस्पर्ध्याचा एकच गुण कमी पडला. हे दोघेही ज्या प्रशिक्षकाचे शिष्य, त्या प्रवीण सावंत यांच्या साताऱ्यातील प्रबोधिनीचे नावच मुळी 'दृष्टी' असे आहे.

अशा यशानंतर आपल्याकडे दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. पहिली म्हणजे, 'काय हे मनोधैर्य!' दुसरी म्हणजे, 'अर्जुनाला पक्ष्याचा फक्त डोळा दिसत होता, हे आम्ही हजारो वर्षांपूर्वीच सांगितले आहे.' दोन्ही प्रतिक्रिया खोट्या नाहीत, परंतु दोन्ही आळशी आहेत. मनोधैर्य म्हणजे नेमके काय आणि ते शरीरात कोठे दिसते, हे पहिली सांगत नाही. अर्जुनाला जे साधले ते आमच्या जिल्ह्यातील खेळाडूला कसे साधेल, याचा विचार दुसरी करीत नाही. शालेय स्पर्धेत जिल्ह्यात पहिला आलेला मुलगा राज्यपातळीवर जाऊन ऐनवेळी कच खातो आणि आपण 'नशीब' किंवा 'अनुभव कमी' म्हणून विषय संपवितो. कच खाताना त्या मुलाचे पाय नंतर लटपटतात, हात नंतर थरथरतो. सर्वांत आधी बावरते ती नजर.

हे विधान आता केवळ अनुमानाचे राहिलेले नाही. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी १९९० च्या दशकात खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचाली टिपणारे उपकरण वापरून बास्केटबॉलमधील 'फ्री थ्रो'चा अभ्यास केला. कुशल खेळाडूची नजर चेंडू फेकण्याची क्रिया सुरू होण्याआधी कड्यावर एकाच ठिकाणी टेकते आणि नवख्यापेक्षा अधिक काळ टेकून राहते, असे त्यांना आढळले. क्रियेपूर्वीच्या या शेवटच्या निश्चल दृष्टिक्षेपाला त्यांनी इंग्रजीत जे नाव दिले, त्याचा अर्थ 'शांत नेत्र' असा होतो. पुढे गोल्फ, नेमबाजी, बिलियर्ड्स अशा अनेक खेळांत हाच प्रकार दिसून आला.

याचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे. आपल्याला वाटते की समोरचे सारे दृश्य आपण स्पष्ट पाहतो. प्रत्यक्षात हात पूर्ण लांब करून अंगठा समोर धरला असता त्याच्या रुंदीएवढाच भाग आपल्याला खऱ्या अर्थाने रेखीव दिसतो. बाकीचे दृश्य डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारून गोळा करतो आणि प्रत्येक उडीच्या काळात मेंदू दृष्टी जवळजवळ बंद ठेवतो. म्हणजे ज्याची नजर भिरभिरते, तो त्या क्षणी अंशतः आंधळाच असतो. पन्नास मीटर रायफलच्या लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तेथे या आंधळेपणाला क्षमा नाही.

आणि नेमके दडपणाखालीच डोळे भिरभिरू लागतात. भयग्रस्त प्राण्याने चहूकडे पाहावे ही निसर्गाचीच योजना आहे. गवतात वाघ असेल तर तीच जीव वाचविते. मैदानावर मात्र ती घात करते. इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये फुटबॉलच्या पेनल्टी किकसंबंधी प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने मोठा बोलका आहे. चिंता वाढविली असता खेळाडूची नजर लवकर आणि अधिक वेळ गोलरक्षकाकडे जाऊ लागली आणि चेंडूही त्याच्याच आवाक्यात जाऊ लागला. ज्याचे भय, तिकडे नजर, आणि जिकडे नजर, तिकडे चेंडू! याउलट कॅनडाच्या बायथलॉन खेळाडूंवरील २००७ च्या अभ्यासात असे दिसले की, दमछाक आणि स्पर्धेचा ताण या दोन्ही गोष्टी शिगेला पोहोचल्या असतानाही ज्यांनी लक्ष्यावरील नजर नेहमीपेक्षा अधिक वेळ रोखून धरली, ते ढेपाळले नाहीत.

याचा अर्थ 'टक लावून पाहत राहा' असा कोणी घेऊ नये. क्रिकेटमध्ये 'चेंडूवरून नजर हटवू नकोस' हा उपदेश प्रत्येक पोराला मिळतो, तो शब्दशः पाळणे चांगल्या फलंदाजालाही जमत नाही. वेगवान गोलंदाजाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास यष्टीपर्यंत पोहोचतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रज अभ्यासानुसार फलंदाज गोलंदाजाच्या हातातून सुटणारा चेंडू पाहतो आणि मग नजर थेट टप्पा पडेल त्या जागी आधीच नेऊन ठेवतो. जितका फलंदाज चांगला, तितकी ही झेप लवकर. साइटस्क्रीनजवळ कोणी हलले की सचिन तेंडुलकर खेळ थांबवीत असे आणि काहींना तो त्याचा नखरा वाटे. चेंडू हातातून सुटतो तो पहिला क्षण किती मोलाचा, हे त्याला पक्के ठाऊक होते, इतकेच. केव्हा रोखावे, केव्हा सोडावे आणि पुढे कोठे न्यावे, हे ठरविणे म्हणजे नजरेचा संयम.

आता आपल्या परंपरेकडे वळू. हठयोगप्रदीपिका आणि घेरण्डसंहिता या ग्रंथांत षट्कर्मांमध्ये त्राटकाचा समावेश आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसलेल्याने इकडेतिकडे न पाहता दृष्टी नासिकाग्रावर ठेवावी असे सांगितले आहे. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभीच श्रोत्यांकडे मागितले ते अवधान. संघाच्या शाखेवर बालवयात कानी पडणारी पहिली आज्ञा 'दक्ष' ही आहे. नजर आणि चित्त यांचा संबंध या समाजाने ओळखला होता, यात शंका नाही. परंतु रोज दिव्याच्या ज्योतीकडे पाहिल्याने कोणी धनुर्धर होतो, असे मानणे म्हणजे त्या ग्रंथांनाही न्याय देणे नव्हे; त्यांचा हेतू वेगळा होता. शांत नेत्राची निश्चलता ही त्या त्या खेळातील कृतीला जोडलेली, काही क्षणांची असते आणि ती त्या कृतीबरोबरच घोटावी लागते. शिवाय ही निश्चलता कौशल्याचे कारण आहे की लक्षण, यावर संशोधकांत अजून मतभेद आहेत. तेव्हा उगाच आवेशाने दावे ठोकू नयेत.

मात्र द्रोणाचार्यांच्या त्या परीक्षेकडे आपण नीट पाहिलेलेच नाही, असे आम्हांस वाटते. प्रत्येक बक्षीस समारंभात पाहुणे ती गोष्ट अर्जुनाच्या कौतुकासाठी सांगतात. पण ती जितकी शिष्याची, तितकीच गुरूची गोष्ट आहे. आचार्यांनी बाण सुटण्यापूर्वी प्रत्येकाला 'तुला काय दिसते?' असे विचारले आणि ज्यांना झाड, भाऊ, गुरू असे सारेच दिसत होते, त्यांना बाण सोडू दिला नाही. बाण चुकल्यावर रागावण्याऐवजी सुटण्याआधी नजर तपासण्याची ही पद्धत आहे. आजचे आपले किती क्रीडाशिक्षक खेळाडूला असा प्रश्न विचारतात? नेम चुकला की 'लक्ष कुठे होतं तुझं?' असे ओरडणारे मात्र पुष्कळ आहेत. आणि युधिष्ठिराला बाजूला उभे राहावे लागले, तसे आजच्या मुलाला राहण्याचे कारण नाही, कारण नजर शिकविता येते, हे गोल्फ आणि बास्केटबॉलमधील प्रशिक्षणाच्या प्रयोगांनी बऱ्यापैकी दाखवून दिले आहे.

हे सारे रत्नागिरीसारख्या जिल्ह्यासाठी महत्त्वाचे आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. १९५२ च्या हेलसिंकीतील खाशाबा जाधवांनंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले. स्वप्नील शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला, पुढे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. त्याची वाट अनेकांना परवडणारी नाही. रायफल महाग, काडतुसे महाग आणि नेमबाजीची शाळा गावापासून लांब. कोकणातील शाळांत तर खेळाचा तास गणिताने खाल्ला नाही तर नशीब. क्रीडागुणांपुरते प्रमाणपत्र मिळाले की पालकही संतुष्ट.

पण नजरेच्या शिक्षणाला काडतुसे लागत नाहीत. रत्नागिरीतून काजळी नदीवरील पूल ओलांडला की भाट्ये लागते. सुरूच्या बनापासून झरी विनायकाकडे जाणारा तो लांबलचक किनारा ओहोटीच्या वेळी सपाट आणि कठीण असतो. एवढे विनामूल्य मैदान किती शहरांना लाभले आहे? तेथे नजरेचे धडे देणारी माणसेही आहेत. गाळाने अरुंद झालेल्या खाडीच्या मुखातून होडी आत घेणारा तांडेल उसळत्या लाटेकडे पाहून भांबावत नाही, तो किनाऱ्यावरची खूण धरतो. माडावर चढणारा खाली पाहत नाही. या दोघांनी विकर्सबाईंचे नावही ऐकलेले नसेल.

तेथील आणि आसपासच्या शाळांतील क्रीडाशिक्षकांना आम्ही एवढेच सुचवू. वाळूत दोन काठ्या रोवून त्यांवर दोरी बांधावी, दोरीला एक रिंग टांगावी. दहा पावलांवरून चेंडू त्या रिंगणातून फेकावयाचा. मात्र फेकण्यापूर्वी रिंगच्या एकाच बिंदूवर, मनात 'एक, दोन' म्हणेपर्यंत नजर ठेवावयाची. आधी एकट्याने, मग धावून दम लागल्यावर, मग इतर मुले आरडाओरडा करीत असताना. खो-खो आणि कबड्डीत लक्ष्यच हलते, तेथे प्रतिस्पर्ध्याच्या शरीराच्या कोणत्या भागावर नजर ठेवावी, हे शिक्षकाने आपल्या अनुभवाने ठरवावे आणि तेही याच क्रमाने घोटून घ्यावे. प्रत्येक मुलाचे शांततेतील आणि गलक्यातील गुण वेगवेगळ्या रकान्यांत मांडावेत. या दोन आकड्यांतील अंतर तीन महिन्यांत कमी झाले की नाही, हे एका साध्या वहीत समजेल. ज्या शाळा हे करतील त्यांनी आपल्या नोंदी, यशाच्या तशाच अपयशाच्याही, आमच्याकडे अवश्य पाठवाव्यात. त्या आम्ही छापू.