एका गळ्याच्या तीन वाटण्या

प्रल्हाद शिंदे यांच्या गाण्यांचे संकलन म्हणून बाजारात जे मिळते, त्याला माझा आक्षेप आहे. नावे असतात 'सदाबहार', 'सुपरहिट', 'अविस्मरणीय'. आत मात्र, मी आजवर ऐकलेल्या संचांत तरी, एकतर फक्त विठ्ठल, गणपती आणि देवी; नाहीतर फक्त भीमगीते. कव्वाली बहुतेकदा नसतेच. गिऱ्हाईक बघून माणूस कापला आहे.

आमच्या शहापूर-मुरबाडकडे हा आवाज कुणाला नवा नाही. म्हशाच्या जत्रेत, गणपतीत, चौदा एप्रिलला तोच गळा. 'पाऊले चालती पंढरीची वाट' माझ्या वर्गातल्या मुलांना पाठ आहे. पण याच माणसाने भीमगीते आणि कव्वाल्याही गायल्या, हे सांगितले की मुले चकित होतात. दोष त्यांचा नाही. त्यांच्यापर्यंत माणूस अर्धाच पोचवला गेला.

यात बिघडले काय, असे कुणी विचारेल. तर ऐका. प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ चा, मंगळवेढ्याचा. म्हणजे चोखोबांच्या गावचा. पंढरपूर शेजारीच, पण तिथले विठ्ठल मंदिर दलितांना बंद. ते उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. तेव्हा हा मुलगा तेरा-चौदा वर्षांचा होता. पुढे त्याच मुलाच्या आवाजात अवघा महाराष्ट्र विठ्ठल ऐकू लागला. भीमगीते वगळली की हा इतिहासच पुसला जातो. उरते ती गोड भक्ती, कुणालाही न बोचणारी.

आता कव्वालीचे बघा. १९५८ च्या 'अल हिलाल' चित्रपटातून इस्माईल आझाद यांची कव्वाली घराघरांत गेली. चाळींत, मैदानांत रात्र-रात्र कव्वालीचे मुकाबले रंगत. आंबेडकरी गायन पार्ट्यांनी तो ढंग उचलला आणि त्यात बाबासाहेबांचा विचार भरला. टाळी आपल्याकडची, शब्द मराठी, विचार भीमाचा. हिंदू-मुस्लिम ऐक्यावरची शंभर भाषणे एकीकडे आणि हा एक गळा एकीकडे. तोच पुरावा संकलनातून गायब आहे.

कंपनीवाले म्हणतील, भक्तिगीत घेणारा भीमगीत घेत नाही. हा बहाणा आहे. एरिक क्लॅप्टन या ब्लूज-रॉक गिटारवादकाचा 'क्रॉसरोड्स' हा संच १९८८ साली आला. चार सीडी, त्र्याहत्तर गाणी. यार्डबर्ड्सपासून क्रीमपर्यंतचे वेगवेगळे बँड आणि पुढची स्वतःच्या नावावरची गाणी, सगळे एकत्र. ज्याला एकच काळ आवडतो त्यानेही अख्खा माणूस घेतला. मग आपल्या गायकाच्याच वाट्याला कसायाचा सुरा का?

आणि आपल्यातलेही काही म्हणतील, विठ्ठलाची गाणी गाणाऱ्याशी तुम्हाला काय करायचे? त्यांना मी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची आठवण देतो. 'योगसंग्राम' लिहिणारा हा संत वारकऱ्यांनी आपला मानला. आपण त्याला किती वाचले? महाराष्ट्र आमचा वाटा विसरला, अशी तक्रार आपण वर्षभर करतो. मग तो वाटा जिथे ध्वनिमुद्रित होऊन पडला आहे, तिथे कान द्यायला लाज कसली?

वामनदादा कर्डक १५ मे २००४ ला गेले, प्रल्हाद शिंदे २३ जूनला. सव्वा महिन्यात दोन दिग्गज. इतकी वर्षे लोटली, घरोघरच्या कॅसेटी बुरशीने चालल्या आहेत. राज्याच्या सांस्कृतिक खात्याने कंपन्यांना एकत्र बसवावे आणि एक संच काढावा: भक्तिगीत, भीमगीत, कव्वाली एकाच माळेत, काळाच्या क्रमाने, प्रत्येक गाण्यापुढे साल, गीतकार, संगीतकार आणि ढोलकीवाल्याचेसुद्धा नाव. तोवर ज्यांच्या माळ्यावर जुन्या कॅसेटी आहेत, त्यांनी त्या भंगारात घालू नयेत. एवढे तरी आपल्या हातात आहे.