सोनोग्राफी यंत्र, नग एक

स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर दाबला की टक्क होते आणि ठिणगी पडते. त्यात सेल नसतो. आतली हातोडी चिनीमातीसारख्या भाजलेल्या कांडीवर आदळते आणि त्या दाबातून हजारो व्होल्ट निघतात. प्येर आणि जाक क्युरी या बंधूंनी 1880 साली स्फटिकांत दाखवला तो हाच गुण. सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये याच जातीच्या चकत्या असतात. वीज दिली की त्या थरथरतात. शरीरातून परतलेला ध्वनी आदळला की पुन्हा वीज देतात.

डॉ. वानलेस यांनी 1894 साली रुग्णालय उभारले तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव. बँकेत असताना डॉक्टरांची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावर येत. कोटेशनमध्ये एकच ओळ: सोनोग्राफी यंत्र, नग एक. ज्यावर सारे अवलंबून, त्या प्रोबचा उल्लेखही नसे.

ही चकती जन्मतः वीज देत नाही. शिसे, झिर्कोनियम, टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांची पूड दाबून बाराशे-तेराशे अंशांवर भाजतात. त्या तापात शिसे उडून जाते, म्हणून भांडे झाकावे लागते. दाब सगळीकडे सारखा पडला नसेल तर भाजताना तडा जातो. भाजल्यावरही ती मुकीच! मग गरम तेलात ठेवून जबर व्होल्टेज लावतात, तेव्हा कुठे आतले विस्कळीत विद्युतध्रुव एका दिशेला वळतात. (भोपळा नीट वाळल्याशिवाय तंबोरा होत नाही हे जाणणाऱ्या आमच्या सतारमेकरांना यात नवल वाटणार नाही.)

पण उष्णतेच्या मदतीने मिळालेला गुण उष्णताच हिरावून घेते. 'क्युरी तापमान' गाठले की तो पुसला जातो, आणि त्याच्या निम्म्यापुढेच झीज सुरू होऊ शकते. अति दाबही तेच करतो. ऑटोक्लेव्हमध्ये 121 ते 134 अंशांची वाफ दाबाखाली असते. चिमटे-कात्र्यांना ते मानवते. साध्या प्रोबमधली चकत्या सांधणारी चिकटही तिथे टिकत नाही. तो द्रावणानेच निर्जंतुक करायचा.

हे डॉक्टरांना ठाऊक असते. प्रोब रोज पुसणाऱ्या सिस्टरला, वॉर्डबॉयला कोणी सांगते का? माझे म्हणणे एवढेच, की कोटेशनमध्ये प्रोब स्वतंत्र ओळीत यावा, त्याची वॉरंटी वेगळी असावी आणि हाताळणाऱ्यांचे प्रशिक्षण किमतीत धरावे. नसेल तर बँकेने मंजुरीच्या टिपणात तसा शेरा मारावा. बिघडलेला प्रोब बंद पडेलच असे नाही. पडद्यावर चित्र येत राहते, मध्ये फक्त एखादी काळी पट्टी दिसते, आणि जतहून एस.टी.ने आलेल्या बाईच्या पित्तनलिकेतला खडा नेमका त्या पट्टीखाली असू शकतो.